बांध चेपला नाचून!

सर्व आप्त मंडळींस,

वाणगावचे दादा, दमा कसा आहे? एडवणच्या वहिनी, गुडघे चालू देतात ना? बेबी, ताप उतरला का? आम्ही खुशाल, आज मात्र जीव टांगणीला लागला होता.

दुपारी आपल्या मासवणच्या मातीच्या बांधातून गढूळ पाणी झिरपू लागलं. गढूळ म्हणजे बांधाचीच माती चाललेली! पलीकडे फुगलेली नदी, अलीकडे गावाचं भात. पाहतो तर लोकांनी कालवणासाठी खेकड्यांची बिळं उकरून बांध पोखरलेला.

"जिभेपायी गाव बुडवाल!" मी ओरडलो.

"काका, परवा तुमीच वाटीभर रस्सा मागून नेलात!" शेजारची जानकी म्हणाली. सगळे हसले.

बिळांत पेंढा, चिकणमाती कोंबली. चेपायला धुमस एकच. वारली मंडळी म्हणाली, "नाचून चेपू." मी तारपा वाजवायला सांगितला, तर म्हातारा लाडक्या म्हणाला, "नवं भात आल्याबिगर तारपा वाजत नाय." मग टाळ्यांवरच फेर धरला, मीही त्यात! संध्याकाळी गळती थांबली.

खेकडे आता ओढ्यातच धरायचे, असं ठरलंय. तुमच्याकडे बांध कसा राखतात? माझे पाय ठणकताहेत, पण भात उभं आहे. लवकर लिहा.