फ्रीजच्या दारावरचं कुंकू

मालनकाकी परबांबद्दल लिहायचं तर सुरुवात माझ्या बोटापासून करावी लागेल. उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट. दसऱ्याला हे बोट कुंकवात बुडवून मी दिवसभरात चाळीसेक वस्तूंवर स्वस्तिक काढतो. मुलुंडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी चौदा वर्षं सेल्समन आहे आणि ही कल्पना माझीच. गिऱ्हाइकाने वस्तू पसंत केली की लगेच कुंकू, वर झेंडूचा हार, हातात पेढा. एकदा स्वस्तिक निघालं की माणूस दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जात नाही. शेठनी यासाठी माझी पाठ थोपटली होती आणि मी ती थोपटून घेतली होती.

काकी कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन मुलुंडला आल्या. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सासू-सुनेने घावणे, उकडीचे मोदक आणि सोलकढीवर घर चालवलं. सासू गेल्या, नवरा गेला, मोदक चालूच राहिले. आसपासच्या सोसायट्यांत बारसं असो की संकष्टी, ऑर्डर काकींनाच. माझ्या मुलाच्या बारशाचे मोदकही त्यांचेच होते. एखाद्या मोदकाची पाकळी फाटली तर तो त्या गिऱ्हाइकाला कधी देत नसत. "बिघडलेलो आमचो, बरो तो गिरायकाचो," म्हणायच्या आणि फाटका मोदक स्वतःच्या ताटात ठेवायच्या.

मागच्या दसऱ्याला त्यांनी आयुष्यातला पहिला नवाकोरा फ्रीज घेतला. तोवरचे सगळे कोणी ना कोणी वापरून दिलेले. मी पांढऱ्या दारावर स्वस्तिक काढलं, तर त्यांनी भर दुकानात फ्रीजला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मुलीने, श्रुतिकाने, मोबाइलवर फोटो काढला. फोटोत काकींचे जोडलेले हात आहेत आणि माझं बोट आहे.

नवव्या दिवशी फ्रीजने थंड करणं सोडलं. नारळाचं दूध नासलं, एका साखरपुड्याची सोलकढी मोरीत ओतावी लागली. कंपनीचा माणूस आला, मागून वाकून बघितलं, पार्ट नाही म्हणाला आणि परत फिरकला नाही. मग काकी दुकानात आल्या.

शेठनी मला डोळ्याने खूण केली. खूण ठरलेली होती: गिऱ्हाइकाला कंपनीकडे टोलवायचं.

"काकी, माल दुकानातून बाहेर गेला की आमचा संबंध संपला. कंपनीला फोन करा."

काकी जागच्या हलल्या नाहीत. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती, शेठ बघत होते. मी म्हणालो, "आणि बदलून मिळणार तरी कसा? दाराला कुंकू लागलंय ना. पूजा केलेला पीस कंपनी परत घेत नाही."

असा नियम कुठेही नाही. मी तो उभ्या उभ्या बनवला. मला वाटलं होतं काकी भांडतील, तुझ्याच हाताने लावलंस म्हणतील. त्या ओशाळल्या. "माका ठावक नव्हता रे," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या. मोबाइलवरचा फ्रीजच्या दाराचा फोटो माझ्यासमोर धरला. तारेच्या घासणीने दार घासलं होतं. कुंकू गेलं होतं आणि त्या जागी चरेच चरे पडले होते.

"पुसून काढलंय बघ. आता तरी परत नेशात मां?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून शेठ डोकावले आणि म्हणाले, "आता तर ओरखडे पण आहेत." मी गप्प बसलो. नोकरी, घर, मुलाची शाळा ही कारणं मला तोंडपाठ आहेत, पण खरं सांगतो, त्या वेळी त्यातलं एकही डोक्यात नव्हतं. गप्प बसायची नुसती सवय होती.

श्रुतिकाला ती सवय नव्हती. तिने आधी ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दुकानाला नोटीस आली. शेठच्या वकिलाने उत्तर लिहिलं की ग्राहकाने स्वतः कुंकू लावून आणि घासून वस्तू खराब केली. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव होतं. मी सही केली.

तारखेला आयोगातल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "कुंकवाने फ्रीज थंड करायचं थांबतो का हो?" वकील कागद चाळू लागले. "विकताना माल तुमचा आणि बिघडल्यावर कंपनीचा, असं चालणार नाही. बिल तुमच्या दुकानाचं आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि हे कुंकू लावलं कोणी?"

श्रुतिका फोटो उघडत होती. काकींनी तिचा हात धरला. "दुकानातच लावलेला," म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी उठून 'मी लावलं' म्हणू शकलो असतो. मी चपलेचा अंगठा बघत बसलो.

पुढच्या तारखेआधीच शेठनी नवा फ्रीज कबूल केला. टेम्पोबरोबर मी मुद्दाम गेलो, खिशात कुंकवाची डबी घेऊन. माफी मागायची तर तीच पद्धत मला सुचली. काकींनी जागा पुसून ठेवली होती. मला पाणी दिलं, घावणे वाढले. ओट्यावर मोदकपात्राला, विळीला, नारळाच्या खवणीलासुद्धा जुन्या कुंकवाची बोटं होती. फ्रीज चालू झाल्यावर मी डबी काढली, तशा काकी फ्रीजच्या दारासमोर आडव्या आल्या.

"नको रे. ह्याची पूजा करूची नाय. परत नेवची पाळी इली तर तुमका त्रास नको."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तो नियम खरा मानला होता आणि त्या तो पाळत होत्या.

मी डबी खिशात घातली. नियम खोटा आहे, हे मी त्या दिवशीही सांगितलं नाही.