प्रिन्सिपल सरांनी लिहिलेला भूगोलाचा पेपर

"कोरा! हाही पेपर कोरा!"

प्रिन्सिपल सर ओरडत होते. आवाज असा, की तिकडे हायवेवर कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले असतील. मी नुकतीच स्कूटी लावून आत आले होते. माझ्याकडे सहा खाजगी शाळा, एक स्कूटी आणि जेमतेम शिल्लक राहिलेले मणके. त्यात परीक्षेचे दिवस, कडक ऊन. हेल्मेटमध्ये डोकं नव्हतंच, उकडलेला बटाटा होता.

टेबलावर आठवीतल्या पल्लवीचा भूगोलाचा पेपर. समोर पल्लवी, तिची आई आणि TC चा अर्ज. आईची सही तेवढी बाकी.

मी स्पेशल एज्युकेटर. ज्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं, त्यांच्यासाठी शाळाशाळांतून फिरणारी बाई. पल्लवीला डिस्लेक्सिया आहे. म्हणजे डोकं साफ, पण वाचायचं, लिहायचं म्हटलं की गाडी अडते. अशा मुलांना परीक्षेत लेखनिक देता येतो. मूल तोंडाने उत्तर सांगतं, दुसरा माणूस ते जसंच्या तसं लिहितो. तसा रिपोर्ट मी जुलैमध्येच दिला होता. फाइल कपाटात सुखाने नांदत होती. मीही दर गुरुवारी चाळीस मिनिटं येऊन पुढच्या शाळेकडे पळत होते, ते कपाट उघडायला कधी लावलं नाही. ती चूक माझी.

"मॅडम, आता नववी, मग दहावी. आपला रिझल्ट हंड्रेड परसेंट आहे," सर म्हणाले.

तो हंड्रेड कसा राहतो हे मी सांगणार नाही. आठवीनंतर किती मुलं शाळा सोडतात, ते ज्याचं त्याने बघावं.

"काऊन जी मॅडम, माझ्या पोरीले काढूनच देऊन राहिले का हे?" आई म्हणाली. "दुसरी शाळा लय दूर आहे. तिचा बाप म्हणते, मंग घरीच बसव."

पल्लवी टेबलाची कड नखाने खरवडत होती.

"सर, लेखनिक देऊन पेपर पुन्हा घ्या. आजच," मी म्हणाले.

"कौन लिखेगा? तुम्ही? मग उत्तर पण तुमचंच येईल!"

"मग तुम्ही लिहा."

सर गणिताचे. भूगोलाशी त्यांचा संबंध म्हणजे शिपायाला नकाशावरची धूळ झटकायला सांगण्यापुरता. पण आईसमोर मागे कसं हटायचं? त्यांनी पेन काढलं. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, तेही पाठ करून. मी खोकले तर पेपर रद्द, अशी ताकीद.

"तलाव सिंचनाचे फायदे लिहा," सरांनी वाचलं.

ही पोरगी गप्प बसली, तर तिची शाळा इथेच संपली.

मग ती सुरू झाली. तिचं गाव तलावाचं. पाळ कुठून खचते, पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सोडतात, गाळ काढून शेतात कधी टाकतात, मासे कोणाच्या वाट्याला जातात. धबधबाच तो!

"अगं थांब! दोन मार्कांचा प्रश्न आहे."

"सर, अजून विहिरीचं राहिलं."

"कोणत्या विहिरीचं?"

"तलाव भरला का विहिरीले पाणी लागते नं सर." हे तिने त्यांना इतक्या दयेने सांगितलं, की मी पदर तोंडात कोंबला.

"हळू सांग ना बेटा. हात दुखून राहिला."

"माझा बी दुखते सर, लिहिताना."

सर लिहीत राहिले.

दोन तासांनी सर बाहेर आले ते मनगट चोळत. पेपर मी पाहिला. मुंग्यांच्या मिरवणुकीवर कोणी तांब्याभर पाणी ओतावं, असं अक्षर! नाव झाकून तो भूगोलाच्या बिसेन सरांकडे गेला. दुपारी परत आला. चाळीसपैकी एकोणतीस. खाली लाल शाईत शेरा: 'उत्तरे उत्तम. अक्षर गलिच्छ. रोज एक पान लेखन करावे. पालकांना भेटायला पाठवा.'

प्रिन्सिपल सरांनी शेरा दोनदा वाचला. TC चा अर्ज फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. आमच्या कामात यालाच विजय म्हणतात. मग कपाट उघडलं, फाइल निघाली, आणि उरलेल्या पेपरांना सातवीतली एक मुलगी लेखनिक म्हणून ठरली. आई अर्जावर सही न करता घरी गेली.

वर्षभर रिपोर्ट लिहून मी जे करू शकले नाही, ते सरांच्या दुखऱ्या मनगटाने दोन तासांत केलं. पण दर शाळेत प्रिन्सिपलचं मनगट दुखवत फिरायला माझ्यात आता जोर नाही.

निघताना स्टाफरूममध्ये डोकावले. बिसेन सर डबा खात होते. मी हळूच म्हणाले, "सर, ते अक्षर प्रिन्सिपल सरांचं होतं बरं का."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"माहीत होतं," ते म्हणाले. "बारा वर्षं त्यांच्या नोटिसा वाचून राहिलो मी."