वर्षभर थांबणारी सीट

बारावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात मला अमेरिकेतल्या दोन सरकारी युनिव्हर्सिटींच्या ऑनर्स प्रोग्राममध्ये प्रवेश मिळाल्याचं कळलं. दोन्हीकडे जवळजवळ पूर्ण स्कॉलरशिप. दुबईत, करामातल्या आमच्या जुन्या घरी ही बातमी आली असती तर आईने बिल्डिंगभर पेढे वाटले असते. पण दोन महिन्यांपूर्वीच आम्ही कमी भाड्यासाठी शेजारच्या अजमानला राहायला आलो होतो आणि निम्मी खोकी अजून उघडायची होती.

बाबा एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशन, म्हणजे खर्चाचे अंदाज काढण्याचं काम, बघत. फेब्रुवारीत कंपनीने त्यांचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात देश सोडायचा. आई शाळेत शिक्षिका असल्यामुळे तिला नवऱ्याला स्पॉन्सर करता आलं. बाबांच्या पासपोर्टवर नवा व्हिसा लागला, त्यावर ‘काम करण्याची परवानगी नाही’ असा शिक्का होता. एरवी तो बायकांच्या पासपोर्टवर असायचा.

उत्तरेकडची युनिव्हर्सिटी मला मनापासून हवी होती. ऑनर्सला मोजकी मुलं, आणि पहिल्या वर्षापासून प्रोफेसरबरोबर स्वतःचं संशोधन. मला भूजल शिकायचं होतं. आम्ही जन्मापासून समुद्राचं गोडं केलेलं पाणी प्यायलो. जमिनीखाली पाणी असतं हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. तिथल्या एका प्रोफेसरबाईंनी मला स्वतःहून ईमेल लिहिली होती. दक्षिणेकडची युनिव्हर्सिटी अवाढव्य होती. तिथे ऑनर्स म्हणजे चार वेगळे वर्ग आणि वेगळं हॉस्टेल, आणि भूजल हा विषयच नव्हता. पण तिथे स्कॉलरशिपसकट प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येत होता. उत्तरेकडच्यांनी स्पष्ट कळवलं होतं, या वर्षी आली नाहीस तर सीट दुसऱ्याला जाईल.

अमेरिकेच्या व्हिसासाठी वडिलांचं सॅलरी सर्टिफिकेट लागत होतं, आणि ते द्यायला बाबांना कंपनीच उरली नव्हती. आईच्या पगारावर काम होईल का, याची खात्री नव्हती.

एका शुक्रवारी दुपारी बाबा दोन्ही प्रिंटआउट घेऊन जमिनीवर बसले. मलाही बसवलं.

“ही थांबायला तयार आहे. ती नाही,” ते म्हणाले.

“बट आय वॉन्ट दॅट वन, बाबा.”

“कळतंय मला. पण मी वीस वर्षं गल्फ बघतोय. वर्षभरात मार्केट उठेल. मला एक वर्ष दे.”

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मला त्याच वर्षी पाठवायचं होतं, आपल्या पगारावर अर्ज करून बघायचा होता, हे तिने मला पुढे सांगितलं. पण त्या दुपारी नवऱ्याचं बोलणं खोडून काढायचा तिला धीर झाला नाही.

मी प्रोफेसरबाईंना नकार कळवला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: वाईट वाटलं, आणि वर्षभरात ही पुस्तकं वाच.

ते वर्ष मी बिल्डिंगमधल्या मुलांना गणित शिकवत काढलं. बाबा बसने दुबईला इंटरव्ह्यूला जायचे. प्रत्येक ठिकाणी ‘इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ’ ऐकून परत यायचे. मग बोलावणी कमी झाली. बाबा आईच्या साड्यांना इस्त्री करू लागले, भाजी आणू लागले. भाजी आणायला मात्र सकाळी नऊनंतरच निघायचे. त्याआधी लिफ्टमध्ये ऑफिसला जाणारे शेजारी भेटत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीलाही ते त्या वर्षी आले नाहीत.

पुढच्या फेब्रुवारीत दक्षिणेकडून ईमेल आली. राज्य सरकारने युनिव्हर्सिटीचं अनुदान कापलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिप बंद केल्या होत्या, पुढे ढकललेल्यासुद्धा. प्रवेश कायम होता, फी पूर्ण भरावी लागणार होती.

बाबांनी ती ईमेल तीनदा वाचली. तिकडची सकाळ होईपर्यंत थांबून फोन लावला. पलीकडच्या बाई नियम सांगत राहिल्या. बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मॅडम, वुई वेटेड बिकॉज यू सेड यू वुड वेट.” त्या बाई सॉरी म्हणाल्या. बाबांनी फोन ठेवला, ‘खलास’ म्हणाले आणि गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला गेले.

मी उत्तरेकडच्या प्रोफेसरबाईंना पुन्हा लिहिलं. त्यांच्याकडेही कपात झाली होती. त्या वर्षी ऑनर्सला बाहेरच्या देशातल्या कुणालाच घेणार नव्हते.

मी पुण्याला मावशीकडे आले आणि बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेतलं. अभ्यास चांगला झाला, पण माझा राग जात नव्हता. आईचा फोन आला की मी तासभर बोलायचे, बाबा फोनवर आले की परीक्षा जवळ आलीय म्हणायचे. दरम्यान बाबांना अजमानजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका सिमेंट ब्लॉकच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं काम मिळालं. पगार पूर्वीच्या निम्माही नव्हता. आई म्हणाली, कामाच्या नव्या व्हिसाचं पान त्यांनी तिला दोनदा दाखवलं.

माझ्या शेवटच्या वर्षी ते एका लग्नासाठी पुण्याला आले. ते परत जाताना मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेले. टॅक्सीत त्यांनी पासपोर्ट आणि तिकीट पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाले, “मी तुला थांबायला लावलं.”

“इट्स ओके, बाबा,” मी म्हणाले. मराठीत मला ते म्हणता आलं नसतं.

त्यांनी मान हलवली आणि काच खाली केली. त्या ‘ओके’वर माझाच विश्वास नव्हता आणि त्यांचाही बसला नाही, हे आम्हा दोघांना कळलं होतं. दीड वर्षाने ते कारखान्यातच हार्ट अटॅकने गेले. तोपर्यंत मी बोअरवेलच्या सर्व्हेची नोकरी धरली होती, शिरूरजवळ साइटवर होते. आईचा फोन आला तेव्हा यंत्र सुरू होतं, म्हणून तिला दोनदा सांगावं लागलं.