हात जोडले तर फावडं कोण धरणार

आमची पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होती. मी हवालदार, डोंगरकडा गावचा. सेक्शनमध्ये माझ्या जिल्ह्यातला दुसरा एकच माणूस होता, कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा नाईक राठोड. नाईक ही फौजेतली रँक. त्यानं बढतीची बातमी फोनवरून घरी कळवली, तर तांड्याचे म्हातारे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, बिथरले, "मी जित्ता असताना ह्यो कसा नाईक झाला?" हे सांगताना राठोड पोट धरून हसायचा.

रोज सकाळी आम्ही पोस्टची वाट फावड्यानं मोकळी करायचो. खोदता खोदता राठोड अरदास म्हणायचा. अरदास म्हणजे त्यांच्या बोलीतली देवापुढची विनवणी. मी एकदा डिवचलं, "आधी हात तरी जोड की रे!"

"हात जोडले तं फावडं कोण धरंल, उस्ताद?"

एका दुपारी बाकीचे जवान खाली रेशन आणायला गेले होते. राठोड वाटेवर पुढं होता. वरून बर्फाचा कडा सुटला. आवाज थांबला तेव्हा वाटही नव्हती आणि राठोडही नव्हता. मी सेटवर कळवलं.

"एक जवान दबलाय. मी एकटा आहे. ओव्हर."

"मदत निघालीय. खोदत राहा. आउट."

मी खोदत राहिलो. एरवी मी सणासुदीलाच देवाला हाक मारणारा. त्या दिवशी दर फावड्याला मारली. अरदास मला येत नव्हती. "देवा, एवढा एक दे," इतकंच म्हणत होतो. तिथं ऐकणारं कोणी नव्हतं. तसा एकटेपणा मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

तो सापडला तेव्हा गार पडला होता. हातमोजे निघालेले, नखांत बर्फ. तोही आतून वर खोदत होता.

त्याला घेऊन मीच तांड्यावर आलो. सलामी झाली, गाड्या गेल्या. त्याच्या आईनं मला जवळ बसवलं.

"लेकरा, खरं सांग. शेवटाला देवाचं नाव घेतलं का त्यानं?"

खोटं बोलवेना. तो म्हणायचा तसं मीही तिला याडी म्हणालो. "याडी, ते ऐकायला कोणी नव्हतं. तो हातानं खोदत होता, एवढं मी पाहिलं."

"खोदून राहिला व्हता? मंग घेतलंच असंल," ती म्हणाली. "लहानपणापासून त्याला मुकाट्यानं काम जमलंच न्हाई."

आता मी पेन्शनवर आहे. शेतात एकटाच राबतो, राबताना देवाशी मोठ्यानं बोलतो. बाजूला राठोड नाही, हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.