पेटीभोवतीची रांगोळी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंचं नाव घेतो. बाई बेळगावच्या टिळकवाडीतल्या. आमच्या शाळेवर नेमणूक झाल्यावर त्यांनी निपाणीत खोली घेतली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या बेळगावची बस धरायच्या आणि सोमवारी प्रार्थनेच्या घंटेला हजर असायच्या. आमचं गाव निपाणीपासून जवळच. माझे आईवडील दोघंही निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायचे. दहावीच्या पुढं आमच्या घरात कुणी गेलं नव्हतं, आणि पुढं काय असतं हे सांगायलाही कुणी नव्हतं.

मी नववीत गेलो त्या जूनमध्ये बाईंनी वर्षभराचे उपक्रम फळ्यावर लिहिले. बेळगावच्या वडगावला विणकरांचे माग बघायला जायचं. बेळगावच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा बघायची. आणि चिक्कोडी रस्त्यावरच्या कन्नड माध्यमाच्या हायस्कूलबरोबर जोडशाळा करून एक निरीक्षण वर्षभर चालवायचं. तिसऱ्या ओळीवर वर्गात कुजबुज झाली. त्या शाळेशी आमची ओळख म्हणजे तालुक्याच्या कबड्डीत झालेली धक्काबुक्की. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “बाई, निरीक्षण आम्ही करतो, जोड त्यांची कशाला?” बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “एकट्यानं मोजलं की आपण बरोबर आहोत असंच वाटत राहतं, म्हणून.”

वडगावला आम्ही गेलो तेव्हा एका घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग एवढ्या जोरात चालू होते की प्रश्न कानात ओरडून विचारावा लागत होता. बाईंनी निघताना त्या घरातून उरलेल्या सुताची एक गुंडी मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही त्यावर बरेच तर्क केले. एका मुलीचं म्हणणं होतं की बाईंचं लग्न ठरलंय.

सुताचा उलगडा दिवाळीनंतर झाला. कॉलेजनं दोन्ही शाळांना एकेक पांढरी पेटी दिली. लाकडी, चारी बाजूंनी झडपांच्या पट्ट्या, आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या पायांवर उभी. आत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. ती वात वडगावच्या सुताची होती. वातीतलं पाणी उडून जाताना तो थर्मामीटर गार होतो, आणि हवा जितकी कोरडी तितका जास्त गार. दोघांतला फरक बघून तक्त्यावरून हवेत ओल किती ते काढायचं. ओल्या कपड्यानं अंगावर शहारा का येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी जाऊन मी वडिलांच्या, आप्पांच्या, हाताला ओलं फडकं गुंडाळून त्यांना पंख्याखाली बसवलं. ते बसले बिचारे.

आम्ही पेटी ध्वजाच्या खांबाजवळ उभी केली. शाळेची मानाची जागा तीच. रोज प्रार्थना झाली की दोघांनी जाऊन आकडे बघायचे, तेच आकडे दुपारी फोनवर जोडशाळेला सांगायचे आणि त्यांचे घ्यायचे. हे बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. दोन्ही शाळा सायकलनं एका दमात जाता येईल इतक्या जवळ. हवा सारखीच असायला हवी होती, पण आमची हवा रोज त्यांच्यापेक्षा ओली निघायची.

याचं कारण गावात प्रत्येकाकडं होतं. हेडसर म्हणाले, आपल्याकडं विहीर जवळ आहे. आप्पा म्हणाले, नदीकाठचं गाव, ओल असणारच. कटिंगच्या दुकानात एकानं मला समजावलं, “अरं, वारा वरनं, महाराष्ट्रातनं येतोय. पयला आपल्याला लागतोय. त्यास्नी उरलंसुरलं.” वर्गाचं मत सरळ होतं की त्यांना वाचता येत नाही. मला मात्र त्या फरकानं छळलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पेटीचं दार उघडून बघायचो, तेव्हा हवा कोरडी दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर पुन्हा ओली. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही. तुला कळलं तर सांग.” शिक्षकाला माहीत नसतं आणि ते असं बोलून दाखवता येतं, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर कॉलेजचे सर एका दुपारी आले. त्यांनी पेटी तपासली, वात तपासली, सगळं ठीक होतं. मग ऑफिसात बसून ते बाईंना म्हणाले की थंडी सरून उन्हं तापायला लागलीत, या दिवसांत सकाळी एवढी ओल येणं शक्य नाही. मुलं घरी बसून आकडे लिहीत असावीत. असं बऱ्याच शाळांत होतं, त्यात राग मानू नका. पण वर्षअखेरच्या प्रदर्शनापर्यंत उलगडा झाला नाही तर पेटी दुसऱ्या शाळेला द्यावी लागेल. मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही.

“माझी मुलं बघितल्याशिवाय आकडा लिहीत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पेटी न्यायची तर न्या, पण हे कारण लिहून नेऊ नका.”

पेटीपेक्षा मला त्या वाक्याची काळजी लागली. बाईंनी आमच्यासाठी आपला शब्द टाकला होता आणि तो खरा करण्याचं साधन आमच्याजवळ नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघं जण मिळून आकडे बघायला लागलो. आकडे तेच.

शेवटी बाईंनी जोडशाळेच्या मुलांना एका शनिवारी आमच्याकडं बोलावलं. दोन्ही शाळांनी एकाच पेटीत, एकाच वेळी बघायचं ठरलं. ती मुलं टेम्पोतून आमच्या घंटेच्या बऱ्याच आधी येऊन पोचली. त्या वेळी आमच्या अंगणात रोजचं काम चाललं होतं. शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी बादलीनं सडा टाकत होत्या आणि पाळीचा वर्ग पेटीभोवती रांगोळी काढत होता. पेटी आली त्या आठवड्यापासून वर्गांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. खंडेनवमीला आपण अवजाराची पूजा करतो, मग एवढं मोलाचं यंत्र तसंच कसं ठेवायचं? रांगोळी नीट बसावी म्हणून पेटीच्या पायांशी जास्तीचं पाणी, आणि मग ओल्या फडक्यानं पेटीही वरून खाली पुसून काढायची. सगळ्यात छान रांगोळीला महिन्याचं बक्षीस होतं, आणि ते खुद्द बाई द्यायच्या.

त्यांच्यातली दोन वेण्या घातलेली एक मुलगी चपला चिखलातून सोडवत पेटीपाशी आली. तिनं लाकडाला हात लावला, ओला हात बघितला आणि कन्नडमध्ये मला विचारलं, “हिला रोज अंघोळ घालता?”

मी व्हय म्हणालो. दुसऱ्या क्षणी माझ्या लक्षात आलं. अंगण सकाळी ओलं असतं हे आमच्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. बाईंनाही नाही, कारण त्यांच्याही घरी अंगण ओलंच असायचं. जोडशाळेची पेटी मागच्या मैदानात, तिथं कोण सडा टाकतंय?

घंटेला बाई आल्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पेटीकडं बघितलं, मग रांगोळीकडं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “आणि बक्षीस मी देतेय,” त्या म्हणाल्या.

पण त्या मुलीनं आणखी एक विचारलं, आणि ते मला आजही जास्त आवडतं. “हे खरं कशावरून?” मग ठरलं की पुढचा एक आठवडा आम्ही सडा बंद ठेवायचा आणि त्यांनी आपल्या पेटीभोवती टाकायचा. मावशींना हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या म्हणाल्या, “शाळंच्या दारात सडा न्हाय म्हंजे लोक काय म्हणतील रं?” बाईंनी त्यांना पेटी उघडून दोन्ही पारे दाखवले, तेव्हा त्यांनी एका आठवड्याची सूट दिली. जोडशाळेची पोरं मैदानात बादल्या घेऊन पळायची, आणि फोनवर रोज ऐकवायची की तुमच्यामुळं आम्हांला पाणी भरावं लागतंय. त्या आठवड्यात त्यांची हवा आमच्यापेक्षा ओली निघाली.

बेळगावच्या प्रदर्शनात आम्ही दोन्ही शाळांनी मिळून हे मांडलं. मी कन्नडमध्ये सांगितलं आणि त्या मुलीनं मराठीत. आमच्या भाषेतल्या चुकांवर लोक हसले, ते चाललं. कॉलेजचे सर सगळं ऐकून घेऊन बाईंपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, “मॅडम, मुलं बघूनच लिहीत होती.” पेटी आमच्याकडंच राहिली. सडा पुन्हा सुरू झाला, पण आकडे बघून झाल्यावर.

दहावीनंतर आप्पांना भेटायला बाई दोनदा घरी आल्या. मी बेळगावला शिकलो, बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं. आता नंदगडच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. या वर्षी आमच्या शाळेला अशीच एक पेटी मिळाली, त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही.

बाई, नमस्कार.

आज आमच्या शाळेत पेटी आली. मी ती ध्वजापासून लांब, मागच्या गवतात उभी करायला लावली. हेडमास्तरांना ते आवडलं नाही. मुलांनी लगेच विचारलं की हिची पूजा कधी करायची. मी म्हणालो करू, पण कोरड्या फुलांनी.

तुम्ही त्या दिवशी ऑफिसात आमच्याबद्दल जे बोललात ते मी दारातून ऐकलं होतं. हे तुम्हांला कधी सांगितलं नाही. वर्गात एखादा आकडा विचित्र आला की माझ्या तोंडावर येतं की हा खोटा आहे, आणि मी ते गिळतो. आधी मुलांबरोबर पेटीपाशी जाऊन उभा राहतो. हे मला तुमच्यामुळं जमतं.

आता एक अडचण. बाजारातून आणलेली वात पाणी ओढतच नाही, दोन्ही पारे एकाच जागी उभे आहेत. आपण वडगावचं सूत आणलं होतं, त्याला मागावर चढवण्याआधी खळ लावतात आणि खळीमुळं सूत पाणी ओढत नाही, असं आता वाचनात आलं. मग ते तुम्ही आधी उकळून घेतलं होतं का? मला काही केल्या आठवत नाही. मुलं थांबलीत, जमेल तसं लवकर कळवा.

तुमचा,
नववीतला चहा आणणारा