माझी पत्नी विधवांच्या रांगेत

"हवालदार, तुमच्या मिसेस तर विधवांच्या रांगेत उभ्या आहेत. मग तुम्ही कोण?"

नाशिकला, माजी सैनिकांच्या कँटीनच्या व्हरांड्यात, सर्वांदेखत मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे निवृत्त मेजरसाहेब तिथले व्यवस्थापक होते. तुरुंगातून सुटल्यावर मी प्रथमच सामानाला आलो होतो. घोटीहून एसटीने आम्ही दोघे आलो. मी रांगेत उभा राहिलो आणि वळून पाहिले, तर पत्नी मागे नव्हती. सवयीने ती पलीकडच्या रांगेत गेली होती. पदर कपाळावर ओढलेला.

रांग हसली. ज्यांच्याबरोबर बर्फात पहारे दिले, तेही हसले.

मी रांगेतून बाहेर पडलो आणि फाटकापर्यंत चालत गेलो. ती दोन रांगांच्या मध्ये एकटी, रिकामी पिशवी धरून उभी राहिली. तुरुंगाची शिक्षा न्यायालयाने दिली होती. या चालण्याची लाज मात्र माझी मी ओढवून घेतली.

आमच्याविषयी दोन कथा सांगितल्या जातात. दोन्ही खोट्या आहेत.

पहिली अशी, की कँटीनची रम पिऊन मी भातगिरणीच्या मालकाच्या भाच्याला मारले. मी तिथे पहारेकरी होतो. भांडण झाले, मी काठी घातली, त्याचा हात कायमचा वाकडा राहिला. पण मी प्यालेलो नव्हतो. शुद्धीत मारले, म्हणून ते अधिक वाईट होते. हे मी न्यायालयातही सांगितले.

दुसरी कथा माझ्या पत्नीची. म्हणे, तिने कुंकू पुसले, मी मेलो असे सांगितले आणि विधवा म्हणून सामान उचलले.

कुंकू तिने कधीच पुसले नाही. पदर पुढे ओढला, एवढेच. मी आत गेलो तसे निवृत्तिवेतन अडले. कँटीनचे कार्ड काढून घेतले गेले. माझ्या पलटणीतल्या एका मृत जवानाची पत्नी, सुरगाण्याची सोनाबाई, स्वतःच्या कार्डावरचे साबण-तेल हिला अर्धे देई. ते घ्यायला ही तिच्याजवळ उभी राही. सोनाबाई तिला म्हणायची, "माझा मेला म्हनून मला खुर्ची देत्यात. तुझा जित्ता हाय म्हनून तुला हाकलत्यात."

हे सारे मला त्या दिवशी परतीच्या एसटीत कळले. कळण्यापूर्वी मी तिला विचारले होते, "मी जिवंत असताना तू तिथे का उभी राहिलीस?" आवाज चढलेला होता. पुढच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली.

ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्या रांगेत नवरा कुठंय, असं कोणी विचारत नाही."

देशासाठी मरायची तयारी ठेवून मी भरती झालो होतो. मी मेलो असतो, तर या बाईला खुर्ची मिळाली असती. मी जगलो, चुकलो, शिक्षा भोगली. आणि तिला तोंड लपवायला मृतांच्या बायकांचा आडोसा घ्यावा लागला. त्या दिवशी मी तिला तिथेही एकटी सोडून गेलो.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. ती नको म्हणत होती. मी तिला माझ्या पुढे उभे केले, माजी सैनिकांच्या रांगेत. पदर मागे घे, एवढेच सांगितले. तिने घेतला. मेजरसाहेब आले. या वेळी कोणी हसायच्या आत मी 'सावधान'मध्ये ताठ उभा राहिलो.

"साहेब, मागच्या वेळी आपण विचारलंत, मी कोण. मी हिचा नवरा. तुरुंगात होतो. आता इथे आहे."

ते म्हणाले, काढून घेतलेले कार्ड परत मिळणार नाही, तुम्ही बाजूला व्हा.

कार्ड मिळाले नाही. आजही मिळालेले नाही. सोनाबाईने आपल्या खुर्चीवरून उठून माझ्या पत्नीला बसायला खूण केली. पत्नीने मान हलवून नकार दिला आणि ती माझ्या पुढेच उभी राहिली.

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही जातो. खिडकीपाशी पोचतो, नकार ऐकतो, रिकाम्या पिशवीने परततो. लोकांना हा वेडेपणा वाटतो, वाटो. त्या रांगेतून मी एकदा बाहेर पडलो आहे. आता मला तिथून काढायचे असेल, तर उचलून काढावे लागेल.