ईटमधलं समुद्राचं पाणी

उत्तम गेल्याचा फोन त्याच्या सुनेनं केला, तेव्हा मी मोरीतल्या नळाला नवी तोटी बसवत होतो. "काका, बाबा गेले सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि तोटी पुरती बसवली. गळत नाही ना, हे दोनदा बघितलं. मग बायकोला सांगितलं. ती रडली, मी नाही. याला आता पाच आठवडे झाले... अंत्यविधीला गेलो, पुण्यानुमोदनाला पंगतीत वाढलं, लोक बोलले ते ऐकलं, पण आत काही हलेना. मी मुळात रडका नाही, पण इतका कोरडाही नव्हतो.

ईट या आमच्या गावच्या दूध संस्थेत आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो. तो दूध तपासायचा, मी कॅन धुण्यावर देखरेख करायचो. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनीही खडी फोडलेली, त्यामुळं सावलीतली नोकरी म्हणजे स्वर्गच वाटायचा. माझा कडकपणा साऱ्या केंद्राला माहीत होता. कॅन सोड्यानं घासायचा, उकळत्या पाण्यानं खंगाळायचा, उन्हात पालथा घालायचा. आत बोट फिरवून जरा बुळबुळीत लागलं की परत पहिल्यापासून. उत्तम चिडवायचा, "दिगंबर, तू लग्नातल्या अक्षताबी सोड्यानं धुतल्या असशील."

माशांचं वेड त्याला कुठून लागलं, ते त्यालाही सांगता यायचं नाही. आधी घरात गोड्या पाण्याची काचेची पेटी होती, तिच्यात चार लाल मासे. ऐंशीच्या आसपास पावसानं पुन्हा पाठ फिरवली, गावात टँकर सुरू झाला, आणि रांगेतली एक म्हातारी घागर घेऊन थेट त्याच्या दारात उभी राहिली. "माणसाला प्यायला न्हाय, अन् तू माशाला पाजतूस व्हय रं?" त्यानं त्याच दिवशी मासे संस्थेच्या विहिरीतल्या तळच्या पाण्यात सोडले. मला वाटलं, विषय संपला. पण तो एका नातलगाच्या लग्नाला रत्नागिरीला गेला आणि येताना एसटीच्या टपावर चार प्लास्टिकचे कॅन भरून समुद्राचं पाणी, पोतंभर वाळू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले शेवाळलेले दगड घेऊन आला. एका दगडाला समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा उमलणारा समुद्रातला जीव, चिकटलेलं होतं. "हे पाणी कुणाच्या तोंडचं न्हाय," तो म्हणाला. "आता कोण काय म्हणंल?" दुष्काळात मासे पाळायचेच तर पिता न येणाऱ्या पाण्यात पाळावेत, असा त्याचा हिशेब.

पण ते पाणी बदलायचं कुठून? समुद्र काही टँकरनं येत नव्हता. आहे तेच पाणी स्वच्छ राहायला हवं, म्हणजे सगळी मदार गाळणीवर. त्यानं मुंबईच्या एका दुकानदाराला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात दोन प्रकार होते. एक म्हणजे कापूस आणि कोळसा भरलेला डबा कोपऱ्यात बसवायचा. दुसरा म्हणजे पेटीच्या तळाशी भोकांची प्लास्टिकची जाळी, तिच्यावर चार बोटं वाळू, आणि हवेच्या छोट्या पंपानं सगळं पाणी त्या वाळूतून फिरवत ठेवायचं. मी डब्याच्या बाजूचा. कापसावर घाण दिसते, काढून फेकता येते. वाळूत अडकलेली घाण तिथंच राहणार आणि तरी पाणी स्वच्छ होणार, हे माझ्या डोक्यात शिरेना. महिनाभर आमचा वाद चालला आणि शेवटी त्यानं वाळूच घेतली. दुकानदारानं एकच गोष्ट बजावली होती, वाळूला हात लावायचा नाही. का, ते लिहिलं नव्हतं.

दोन महिने नुसतं पाणी फिरलं. मग तो पुन्हा रत्नागिरीला जाऊन बोटभर लांबीचे तीन मासे घेऊन आला. दुधाची घनता मोजायचा, संस्थेतून मोडीत निघालेला लॅक्टोमीटर तो पेटीत सोडायचा. समुद्राचं पाणी पंचविसाच्या खुणेवर असतं, पाणी उडून खार वाढला की आकडा चढतो. सत्ताविसावर गेला की उत्तम आपल्या अंघोळीच्या पाण्यातलं तांब्याभर त्यात घालायचा आणि स्वतः ओल्या पंच्यानं अंग पुसून कामावर यायचा. वीज गेली की पेल्यानं पाणी उंचावरून ओतत बसायचा, आपण दूध निववतो तसं. समुद्रफूल उमललं की आळी बघायला यायची. ती म्हातारीही आली, बोट बुडवून चाटलं आणि थुंकली. "ठीव बाबा तुझ्या माशालाच!"

सात महिने असं चाललं. मग त्याला चार दिवस प्रशिक्षणाला जावं लागलं. त्याची बायको, शालिनीवहिनी, बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून किल्ली माझ्याकडं दिली. "आकडा बघ, पंप बघ. वाळूला हात लावू नको." दुसऱ्या दिवशी गेलो तर वाळूवर तपकिरी साय धरलेली. बोट फिरवलं, बुळबुळीत लागलं... मला राहवलं नाही. मासे आणि समुद्रफुलाचा दगड त्याच पाण्यात पातेल्यात काढले, वाळू उपसली, केंद्रातून उकळतं पाणी आणलं आणि तीनदा खंगाळली. अशी पांढरीशुभ्र झाली की मलाच माझं कौतुक वाटलं. उत्तम आल्यावर म्हणाला, "पाणी लई झकास दिसतंय." मी मनात म्हटलं, चार दिवस जाऊ देत, मग सांगू आणि त्याचं म्हणणं खोटं पाडू.

चौथ्या दिवशी पहिला मासा उलटा झाला. आठवड्यात तिन्ही गेले, समुद्रफूल आक्रसून सडलं. उत्तम पेटीसमोर बसून म्हणाला, "माझी निवडच चुकली, दिगंबर. तू डबा घे म्हणत हुतास." आज सांगू, उद्या सांगू, यात चाळीस वर्षं गेली. तेवढी वर्षं तो चारचौघांत हसत सांगायचा, "मी हट्टानं चुकीची गाळणी घेतली, ह्या दिगंबरचं ऐकायला पाहिजे हुतं." लोक माझ्याकडं आदरानं बघायचे. मी चहा पीत असायचो. लाज वाटायची, पण चहा संपवायचो.

मुलीकडं पुण्याला गेलो असताना माशांच्या एका दुकानात सहज विचारलं. दुकानदार म्हणाला, त्या वाळूवर जिवाणू वाढतात, माशांची घाण तेच पचवतात, वाळू उकळली की संपलं. जन्म दुधात गेलेल्या मला विरजण काय ते पुण्यात कळावं! उत्तमची निवड बरोबर होती. हे कळूनही नऊ वर्षं झाली, आणि तेव्हाही मी त्याला फोन केला नाही.

मागच्या रविवारी ईटला गेलो. पुढच्या खोलीत, जिथं पेटी असायची तिथं, भिंतीवर मिठाचा पांढरा पट्टा आहे. दर वर्षी रंग देतात, दर वर्षी तो वर येतो. वहिनी त्या भिंतीला टेकून तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, उकळत्या पाण्यापासून पुण्यापर्यंत. त्यांचा हात सुपात फिरत राहिला.

"रिटायर झाल्यावर म्या इचारलं हुतं त्यांना," त्या म्हणाल्या. "आता येळ हाय, आणा की तुमचं ते पाणी. तर म्हणले, न्हाय जमत आपल्याला ते." मग माझ्याकडं बघितलं. "तुमी सांगितलं असतं, भावजी, तर आणलं असतं त्यांनी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मान हलवली. त्या उठल्या, मला तांब्याभर पाणी दिलं, आणि मी ते सगळं प्यालो.